खाऱ्या पाण्याच्या ४ इंची लाइनला कोणता क्लॅम्प?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ मासळी प्रक्रियेचं युनिट. एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, दाब ३ बार. खालून बारीक भोक पडलंय, भोवती गंज. यू-क्लॅम्पखाली टायरच्या ट्यूबचा रबर चालेल?

उत्तर १: नाही. यू-क्लॅम्प एकाच रेषेत दाबतो, रबर बाजूने सरकतो. पूर्ण वेढ्याचा रिपेअर क्लॅम्प घ्या: एसएस ३१६ (खाऱ्या हवेत जास्त टिकणारं स्टेनलेस स्टील), आत ईपीडीएम (कृत्रिम रबर) गॅस्केट. ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसला खाऱ्या हवेत खड्डे पडतात. मागवताना बाहेरचा व्यास सांगा, ४ इंची पाइपचा तो ११४.३ मिमी. भोकाच्या दोन्ही बाजूंना किमान ५० मिमी धड पाइप झाकला पाहिजे.

उत्तर २: आधी जाडी मोजा हो! पातळ झालेला पाइप आवळताना आत दबतो. दाब काढा, पापुद्रे घासा. गॅस्केटला साबणाचं पाणी लावा. खनिज तेलाच्या ग्रीसने ईपीडीएम फुगतं. नट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे. स्टेनलेस स्टीलचे आटे जाम होतात, त्यांना अँटी-सीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट) लावा.

उत्तर ३: डिझेल लाइनला मात्र नायट्राइल रबराचं गॅस्केटच.