बीएमआय आणि कमरेचा घेर

बीएमआय (किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या आत असेल तर हृदयविकाराची काळजी नको, हे मत भारतीयांच्या बाबतीत अपुरे वाटते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ असूनही शरीरातील चरबी अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के भरली, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले उदाहरण पुरेसे बोलके आहे. म्हणून बीएमआयसोबत कमरेचा घेरही पाहावा; दक्षिण आशियाई पुरुषांसाठी त्याची मर्यादा ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर मानतात. मात्र हे माप पँटच्या पट्ट्यापाशी नव्हे, तर शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर घ्यावे (पोट आत ओढून तर नकोच). अर्थात रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉलची माहिती आधीच हाताशी असल्यास या मापाने हृदयविकाराच्या धोक्याच्या अंदाजात फारशी भर पडत नाही.