आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) प्रलंबित असताना ‘बिनधास्त जाऊन या’ असे सांगू नका

उंबरठा (धागालेखक) :
काल येथे एका सदस्याने लिहिले की, आय-४८५ प्रलंबित असला तरी एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) असलेल्यांनी ॲडव्हान्स परोलची (अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परतण्याच्या आगाऊ परवानगीची) वाट पाहू नये, तिकीट काढावे आणि अमेरिकेबाहेर बिनधास्त जाऊन यावे. त्याखाली आभाराचे प्रतिसाद पाहून मला राहवले नाही. परोल हाती नसताना अमेरिकेबाहेर गेल्यास अर्ज सोडून दिला असे धरले जाते, हा मूळ नियम आहे. एच आणि एल (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावाल्यांची सूट हा अपवाद असून तोही अटींनी बांधलेला आहे : परतताना तो दर्जा (त्या व्हिसाखालील वास्तव्याचा हक्क) शाबूत असावा लागतो, पासपोर्टवर वैध स्टॅम्प (व्हिसा) असावा लागतो आणि ज्या कंपनीसाठी परवानगी मिळाली होती तिच्याकडेच कामावर रुजू व्हायचे असावे लागते. एफ-वनवर शिकताना अमेरिकी नागरिकाशी लग्न करून अर्ज केलेल्या मुलीला ही सूट मुळीच नाही. तिने तो सल्ला वाचून प्रवास केला तर जबाबदारी कोणाची?

पायवाट :
तो सल्ला माझा होता आणि तो एच-वन-बीपुरताच होता. एफ-वनचा विषय आपण आणलात. आपण परोलला कवच समजता, हे मला अधिक धोकादायक वाटते. परोलवर परतणाऱ्याला आत घ्यायचे की नाही हे विमानतळावरचा अधिकारी त्या क्षणी ठरवतो. दुय्यम तपासणीच्या खोलीत मी स्वतः तीन तास बसलो आहे. शिवाय आपण बाहेर असताना ४८५ नामंजूर झाला तर परोलचा आधारच जातो, पण एच-वन-बीवाला आपल्या स्टॅम्पवर परतू शकतो.

जुना खातेदार :
परोलचा अर्ज सर्वांनी करावा हे म्हणणे सोपे आहे. १ एप्रिल २०२४ पूर्वी ४८५ च्या शुल्कातच आय-१३१ (परोलचा अर्ज) येत असे. त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना माणशी ६३० डॉलर वेगळे मोजावे लागतात. चौघांच्या कुटुंबाने प्रवास ठरलेला नसताना एवढे पैसे का भरावेत?

सांजवेळ :
कारण आजारपण तारीख सांगून येत नाही. माझ्या यजमानांना कामावरून काढले गेले, तेव्हा त्यांच्याकडे दुसरी सोय करायला ६० दिवसांची मुदत होती. अर्जाला १८० दिवस उलटून गेले होते, म्हणून त्याच स्वरूपाच्या नव्या नोकरीत ते ४८५ वर मिळालेल्या ईएडीवर (कामाच्या परवान्यावर) रुजू झाले. पुढे सासूबाई अत्यवस्थ झाल्या. पासपोर्टवर दोन वर्षांचा स्टॅम्प शिल्लक होता, त्यामुळे आम्ही बॅगा भरल्या. आदल्या रात्री वकिलांनी सांगितले की, स्टॅम्प असला तरी ईएडीवर रुजू झाल्यामुळे एच-वन-बी दर्जा केव्हाच संपला आहे. स्थानिक कार्यालयात तातडीच्या परोलसाठी वेळ मिळवून, रुग्णालयाचे पत्र दाखवून कागद हाती येईपर्यंत सासूबाई गेल्या होत्या. ‘बिनधास्त’ हा शब्द वाचून मला संताप आला, तो यासाठी.

पायवाट :
आपल्या दुःखाबद्दल मला मनापासून वाईट वाटते. तरीही मूळ चूक एच-वन-बी सोडून ईएडीवर जाण्यात होती. नव्या कंपनीकडून एच-वन-बीचा अर्ज करून घेणे शक्य असते.

सांजवेळ :
शक्य असते, हे आपण कोणाला सांगत आहात? नव्या कंपनीने स्पष्ट नकार दिला होता. ज्याची नोकरी गेलेली नाही त्याने आमच्या निर्णयाला चूक म्हणू नये.

उंबरठा :
येथे कंपनीच्या वकिलांबद्दलही बोलायला हवे. ते कंपनीच्या बाजूने काम करतात; ईएडीवर रुजू होताना दर्जा जाईल, हे ते आपणहून क्वचितच सांगतात. मलाही कोणी सांगितले नव्हते. दुसरी एक गोष्टही मला अनुभवाने कळली : आय-१३१ प्रलंबित असताना, तो मंजूर होण्याआधीच बाहेर गेल्यास तो अर्जही सोडून दिला असे धरले जाते. मी तसाच गेलो. एच-वन-बीमुळे माझा ४८५ वाचला, परंतु परोलचा अर्ज फेटाळला गेला आणि मला तो पुन्हा करावा लागला.

पायवाट :
म्हणजे आपला अर्जही एच-वन-बीनेच वाचवला. स्टॅम्प वैध असून जुन्याच कंपनीत असलेल्याने एच-वन-बीवरच परतावे, हे माझे मत कायम आहे. मात्र ‘बिनधास्त’ हा शब्द मी मागे घेतो आणि ईएडीवर काम सुरू केलेल्यांना हा सल्ला लागू नाही, असे त्या प्रतिसादात लिहितो.

सांजवेळ :
लिहिणारच असाल, तर एच-फोरवरच्या (एच-वन-बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावरच्या) जोडीदारांचेही लिहा. यजमानांचा एच-वन-बी संपला, त्याबरोबर माझा एच-फोरही संपला होता. म्हणून त्या आठवड्यात तातडीचा कागद दोघांनाही लागला आणि तो एकट्यालाच मिळाला.