रिमवर तेल उडालं असेल तर रॉकेल नको

कुणीतरी विचारलंय की सायकलच्या चेनला तेल मारताना मागच्या रिमवर उडालं, आता ब्रेक नुसता सरकतो, रॉकेलने पुसू का? रॉकेल नको हो, ते स्वतःच तेलकट थर सोडतं. डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) पण नको, त्याचंही तेच.

मी हाच घोळ मागच्या पावसाळ्यात घातलेला. आधी भांड्याचं लिक्विड आणि कोमट पाणी, मग कोरडं करून आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाईल रिपेअरवाले वापरतात तेच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं), आणि फडकं दर वेळी नवीन बाजूने, नाहीतर तेच तेल अख्ख्या रिमवर गोल फिरवत बसाल. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसायचं, माझं चौथ्या वेळी थांबलं.

पण खरी गोम रबरात असते, रिम चकाचक केली आणि ब्रेक रबर तसंच ठेवलं तर पहिल्याच ब्रेकला तेल परत रिमवर. रबर काढून पॉलिश पेपरवर घासा, वरची चकाकी जाऊन मॅट काळं दिसलं पाहिजे, आत अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसले तर टाचणीने उकरून काढा, तेच रिम खातात. हे सगळं अ‍ॅल्युमिनियम रिमचं, कार्बन असेल तर पॉलिश पेपर रिमला लावूच नका.

डिस्क ब्रेक असेल तर रोटर (ब्रेकची धातूची चकती) पुसता येतो पण पॅडने तेल प्यायलं की मी सरळ बदलतो, घासून भाजून बघितलंय, आठवड्यात परत किंचाळायला लागले. आणि चेनच्या तेलासाठी स्प्रेऐवजी थेंबाची बाटली घ्या राव.