स्लिप-ऑन लावल्यावर मॅपिंग आणि एअर फिल्टर बदलावाच लागतो का?

घोडबंदर_350:
क्लासिक 350, बीएस6. बेंडपाइप (इंजिनपासून निघणारा पाइप) कंपनीचाच, मागे फक्त स्लिप-ऑन (पाइपाच्या टोकाला बसणारा बाहेरचा सायलेन्सर) लावलाय. थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात. ठाण्यातला मेकॅनिक म्हणतो, पिगीबॅक ईसीयू (इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, जोडून पेट्रोलचं मॅपिंग बदलणारा डबा) आणि कोन फिल्टर (एअरबॉक्स काढून लावायचा उघडा फिल्टर) घ्या, नाहीतर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालून पिस्टन जाईल. खरंच?

लॅम्डा_एक:
नुसत्या स्लिप-ऑनला नाही लागत. आधी वाकून बघा कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) कुठे आहे. बेंडपाइपमध्ये असेल तर खरा अडथळा जागच्या जागी आहे, मागचा डबा बदलून मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) फारसं हलत नाही. शिवाय पाम बीच रोडला एका स्पीडने चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल कमी-जास्त करतच असतो. फुल थ्रॉटलला मात्र तो सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेला तक्ता, म्हणजे मॅप, वाचतो. म्हणून बेंडपाइपसकट फुल सिस्टिम टाकून कॅट काढलात तर वरच्या आरपीएमला लीन होणार, आणि तिथे मॅप लागतो. तोही डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणारं यंत्र) वाइडबँड (मिक्श्चर नेमकं मोजणारा सेन्सर) लावून, फुल थ्रॉटलला लॅम्डा 0.87 ते 0.90 (1 म्हणजे समतोल, त्याखाली रिच, म्हणजे पेट्रोल जास्त). 'एएफआर (हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण) 13 ठेवलाय' म्हणणाऱ्याला विचारा कुठल्या पेट्रोलवर. ई20 चं (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) समतोल प्रमाण 14.7 नसून साडेतेराच्या आसपास असतं.

फटाक्यांसाठी आधी जॉइंट बघा. गाडी थंड असताना स्टार्ट करा, हातमोजा घालून जाड फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबा. क्लॅम्पपाशी फुसफुस आली किंवा काजळी दिसली की तिथून हवा आत ओढली जातेय, आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतंय. हीच गळती सेन्सरच्या आधी, इंजिनच्या हेडपाशी असली तर ईसीयू फसून जास्त पेट्रोल सोडतो आणि ॲव्हरेज पडतं. हेडचं पॅकिंग काढलं की नवीनच टाका, नट आलटून-पालटून आवळा. एकच नट जोरात आवळला की स्टड (हेडमध्ये रुतलेला बोल्ट) तुटतो, मग हेड उतरवायची पाळी.

तुर्भे_कार्ब:
कोन फिल्टर तर नकोच. एअरबॉक्सचं आकारमान आणि तोंडाची नळी मधल्या आरपीएमच्या पिकअपसाठी बेतलेली असते. ती काढली की खालचा जोर जातो, फिल्टर इंजिनची गरम हवा ओढतो, आणि पावसाळ्यात घोडबंदर रोडचं पाणीसुद्धा.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांचं गणित वेगळं, तिथे चूक सुधारणारा कोणी नाही. पेट्रोल कोण ठरवतं, तर पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट (बारीक भोकाची नळी), पाव ते पाऊण नीडल (सुई), त्यापुढे मेन जेट. वर लीन वाटली तर मेन जेट एकच नंबर वाढवा, मग स्पार्क प्लगचा रंग बघा. मध्ये अडखळली तर नीडलची क्लिप एक खाच खाली. मिक्श्चरचा स्क्रू फिरवताना जपून: इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर रिच होते, फिल्टरच्या बाजूला असेल तर लीन.

नाका_बंदी:
डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडातला आवाज कमी करणारा तुकडा) काढू नका. 175 सीसीच्या वरच्या बाइकला 80 डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, वर लायसन्स तीन महिने बाद. 'ब्रँडेड आहे साहेब' चालत नाही.

घोडबंदर_350:
क्लॅम्पपाशी काजळी आहे खरी. पॅकिंगचा साइज कसा ठरवायचा?

लॅम्डा_एक:
व्हर्नियरने बेंडपाइपचा बाहेरचा आणि स्लिप-ऑनच्या तोंडाचा आतला व्यास मोजा. फरकाचा अर्धा म्हणजे जाडी. ग्राफाइटचं घ्या, जरा घट्टच बसू दे. दोन-तीनदा गाडी तापून थंड झाली की क्लॅम्प पुन्हा आवळा.