बहिणींनी हक्कसोड दिली म्हणजे समानता आली का?

नाशिकरोडची वकील
"निम्म्या गावांत बाई सरपंच आहे, मुलींना बापाच्या जमिनीत हक्क आहे, तरी बहिणी आपण होऊन हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा दस्त) देतात. मग रडायचं कशाला?" निफाडच्या बागायतदारांनी काल हे लिहिलं. ही आपखुशी कशी तयार होते ते कागदावरच बघा.

बाप गेला की वारस नोंदीचा अर्ज जातो. सोबत मृत्यू दाखला, ८-अ (जमीन खात्याचा उतारा) आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र. ते करतो थोरला भाऊ. गोम इथेच आहे. लग्न झालेल्या मुली वंशावळीतून गळतात, नाहीतर नाव असतं पण पत्ता माहेरचा. फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) धरला की नमुना ९ ची, म्हणजे हरकत मागवणारी, नोटीस भावाच्याच घरी जाते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. बहिणींची नावं लागलीच, तर पाठोपाठ दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड. मोबदला शून्य, मुद्रांक काही शे रुपयांचा, आणि दस्तात ठरलेलं वाक्य: "कोणत्याही दडपणाशिवाय". नोंदलेला दस्त तहसीलदार रद्द करू शकत नाही. दिवाणी कोर्टातच जावं लागतं, तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत.

महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायदा बदलून मुलीला सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून वाटेकरी) केलं, पण तेव्हा लग्न झालेल्या सुटल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुली आल्या. त्या तारखेला बाप जिवंत असण्याची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी हक्कसोडीचे दस्त होतच आहेत.

निफाडचा बागायतदार
वकीलताई, कागद तुम्हाला कळतात, बाग कळत नाही. दोन एकर द्राक्ष, चार वारस. खातं सामायिक झालं की सोसायटीच्या पीक कर्जाला प्रत्येकाची सही, पीकविम्याला सगळ्यांचं संमतीपत्र. एक बहीण सुरतेला, दुसरी पुण्याला. ऑक्टोबर छाटणीला डोळे फुटायची पेस्ट, औषधं, मजुरी यांचा पैसा त्याच आठवड्यात लागतो, सही डिसेंबरात मिळून उपयोग काय? वाटप करा म्हणाल तर विहीर एक, मोटार एक, ठिबकची मेन लाईन एक. मंडपाच्या तारा कडेच्या अँगलला ताण देऊन बांधलेल्या असतात, मधे तोडल्या की सगळा मंडप ढिला पडतो. आणि लग्नात झालेला खर्च तुम्ही धरतच नाही.

नाशिकरोडची वकील
लग्नखर्च हिश्शातून वजा होत नाही. आणि त्यात हुंडा धरत असाल, तर तो १९६१ पासून गुन्हा आहे. संमतीपत्राची अडचण खरी, तेवढी मान्य. पण त्यावर तोड आहे: बहिणीचं नाव राहू द्या आणि पीक कर्ज, विमा एवढ्यापुरतं विशेष मुखत्यारपत्र करून घ्या. हक्कसोडीला बहिणीला गाडी पाठवून आणता, मग मुखत्यारपत्राला का नाही?

सुरगाण्याचा मास्तर
तुमचं सगळं निफाड-सिन्नरपुरतं चाललंय. सुरगाणा, पेठ, कळवणच्या कोकणा, वारली, महादेव कोळी बाईला हा हिंदू वारसा कायदा लागूच नाही. कलम २(२) ने अनुसूचित जमातींना वगळलंय. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये केंद्राला दुरुस्तीचा विचार करायला सांगितलं. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांना वाटा मिळाला, तोही समतेच्या तत्त्वावर. प्रत्येकीने दिल्लीपर्यंत जायचं का?

नाशिकरोडची वकील
गुरुजी, वनहक्क कायद्यात तरी कलम ४(४) ने कसत्या वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे येतो.

सुरगाण्याचा मास्तर
नवरा असेल तर. टाकलेल्या किंवा विधवा बाईचं काय? १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याचे किमान दोन पुरावे लागतात, आणि वनखात्याच्या दंडाची पावती फाडलेली असते पुरुषाच्या नावाने. नियम १३ मध्ये गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो, तरी उपविभागीय समितीतून दावा "पुरावा अपुरा" म्हणून परत येतो. मोजणीत आणखी काटछाट. कसते दीड हेक्टर, पट्ट्यावर काही गुंठे. मार्च २०१८ मध्ये लोक नाशिकहून मुंबईपर्यंत पाय सोलवटून चालले, त्यातली एक मोठी मागणी वनहक्काचीच होती.

निफाडचा बागायतदार
गुरुजी, विषय बहिणींचा आहे. मोर्चाचं राजकारण इथे आणू नका.

सुरगाण्याचा मास्तर
राजकारण? तुमच्या बागेत छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला), थिनिंगला (मणी विरळायला) वाकणाऱ्या बाया पेठ-सुरगाण्याच्याच आहेत. स्वतःच्या नावावर पाण्याखालचा एक एकर असता तर पोरं आजीकडे टाकून चार महिने तुमच्या शेडवर राहिल्या असत्या का? तुमच्या बहिणीला हिस्सा नाही आणि या बाईला कायदाच नाही. बाग दोघींच्या जिवावर उभी आहे!

चांदवडकर
दोघंही जरा थांबा. १९८६ साली आमच्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचं, म्हणजे बायकोचं नाव जमिनीला लावण्याचं, काम उभं राहिलं, सरकारने १९९२ साली परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज करायचा, बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं, खरेदीखत लागत नाही. तिची सही घरातच मिळते, सुरतेहून आणावी लागत नाही. बागायतदार, हे तरी कराल का?

निफाडचा बागायतदार
बायकोचं नाव लावायला माझी हरकत नाही. वकीलताई, मुखत्यारपत्राचा मसुदा टाका, सोसायटीच्या सचिवाला दाखवतो. बहिणींच्या हिश्शाचं मात्र मला अजून पटलेलं नाही.

नाशिकरोडची वकील
मसुद्यात कर्जाची कमाल रक्कम आणि एका हंगामाची मुदत घाला. विक्रीचा, हक्कसोडीचा अधिकार नाही हे स्पष्ट लिहा, नाहीतर त्याच कागदावर उद्या जमीन जाईल. आणि वारस नोंदीच्या अर्जात बहिणींचे सासरचे पत्ते लिहून द्या. पटलं नसलं तरी ते द्या.