विषय: जुनी गाडी ऑइल खाते आहे, इंजिन उघडावं का?

नमस्कार मंडळी,

आमची पेट्रोल गाडी २ लाख ८० हजार किलोमीटर झाली आहे. दोन सर्व्हिसिंगच्या मध्येच ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल दिसेनासं होतं. गाडीखाली थेंब पडत नाही. गॅरेजवाले म्हणतात पिस्टनच्या रिंगा (ऑइल वर जळायला जाऊ न देणारी कडी) गेल्या, इंजिन उघडावं लागेल. पण गाडी पळते छान, आणि लेकीला तीच द्यायची आहे. ऑइलचा दिवा एकदाही लागला नाही, म्हणून इतके दिवस मी निर्धास्त होते. कुणाला अनुभव आहे का?

---

ताई, आधी त्या दिव्याबद्दल. जुन्या गाड्यांत तो लाल दिवा ऑइल किती उरलंय ते सांगत नाही, ऑइलचा दाब पडला की लागतो. म्हणजे पंपाला ऑइल मिळेनासं झालं, बेअरिंगं कोरडी पडू लागली, की मग. माझी आधीची गाडी अशीच गेली. चढावर दिवा लुकलुकला, 'पुढच्या पेट्रोल पंपावर बघू' म्हणून मी चालवत राहिलो आणि तिथे पोचेपर्यंत इंजिन खडखडायला लागलं होतं. ते अजून मनाला लागतं. दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं, हे लेकीला आजच सांगा.

आता रिंगांचं. मोजल्याशिवाय इंजिन उघडायला देऊ नका. सपाट जागी, इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा बुडवा. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि १,००० किलोमीटरनंतर किती घालावं लागतं ते मापाने बघा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. खुणेच्या वर मात्र भरू नका, इंजिनच्या तळाशी फिरणारा क्रँक ऑइल घुसळून फेस करतो.

मोजणी चालू असतानाच पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्या. क्रँककेसमधले, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातले, वायू परत इनटेककडे (इंजिनात हवा जाते तिकडे) नेणारा हा छोटा भाग. तो उघडा अडकला की त्या वायूंबरोबर ऑइलही खेचलं जातं आणि जळतं. इंजिनच्या कामापुढे याचा खर्च काहीच नाही, तरी आधी नाव रिंगांचंच निघतं!

धूरही बघा. रात्रभर उभी गाडी सुरू करताच निळसर लोट येऊन विरला, तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं (व्हॉल्व्हवरून ऑइल खाली झिरपू न देणारी). ती अनेक इंजिनांत हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, न काढताही बदलतात. जोर दिल्यावर सतत निळा धूर आला तर रिंगांवर संशय.

---

यात एक भर घालते. गॅरेजला कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) कोरडी आणि ओली, दोन्ही करायला सांगा. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकल्यावर दाब चढला तर गळती रिंगांतून, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. पण ऑइल-रिंगा (सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडणाऱ्या रिंगा) नुसत्या कार्बनने चिकटल्या असतील तर कॉम्प्रेशन चांगलंही येतं, तेव्हा आकडा बरा आला म्हणून रिंगा निर्दोष असं नाही.

आणि कुणी 'जाड ऑइल टाका' म्हटलं तर गाडीच्या पुस्तकात जे ग्रेड दिलेत त्यांच्याच आत राहा. टॉप-अप चालू आहे म्हणून ऑइल बदलणंही टाळू नका, फिल्टर तोच जुना असतो. जळलेल्या ऑइलची राख धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साठते, प्लगही काळे पडतात. म्हणून थोडंच खात असेल तरी कारण शोधलेलं बरं.

---

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या १,००० किलोमीटरला ६०० मिली लागलं. पीसीव्ही व्हॉल्व्ह खरंच चिकटलेला निघाला. बदलल्यावर पुढच्या १,००० ला २०० मिली. सकाळी सुरू करताना अजून थोडा निळा धूर येतो, त्यामुळे व्हॉल्व्हची सीलं पुढच्या महिन्यात बदलून घेणार आहे. इंजिन उघडायचं सध्या रद्द.

डिकीत ऑइलचा डबा आणि वही ठेवली आहे. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरलं की पट्टी बघायची, असं लेकीचं आणि माझं ठरलंय. या वेळची नोंद तिच्या अक्षरात आहे.