ॲक्सोलॉटलचा पाय तुटलाय, व्हिटॅमिन ए किंवा आयोडीन द्यावं का?

ड्रेस्डेनकर
आमच्याकडे दोन ॲक्सोलॉटल (पालीसारखे दिसणारे, पाण्यातले उभयचर प्राणी) आहेत, सात महिन्यांचे. परवा रात्री त्यातल्या थोरल्याने धाकट्या बाळूचा पुढचा उजवा पाय कोपरापासून तोडला. पाय परत फुटतो हे माहीत आहे, पण लेक शाळेतून आली की काचेला नाक लावून बसते, रडते. एकाने पाण्यात व्हिटॅमिन ए टाकायला सांगितलं, दुसऱ्याने आयोडीन. त्याने लवकर येईल का?

प्राणिशास्त्राचा मास्तर
ताई, दोन्ही नका देऊ, कळकळीने सांगतो.

आयोडीन हा थायरॉक्सिन या हार्मोनचा कच्चा माल. ॲक्सोलॉटलच्या अंगात थायरॉक्सिन फार कमी, म्हणूनच तो जन्मभर कल्ले घेऊन पाण्यात राहतो. बाहेरून वाढवलं तर कल्ले झडतात, तो जमिनीवरचा प्राणी होतो. अशा रूपांतर झालेल्यांचा पाय जवळजवळ निम्म्या वेगाने येतो, आणि मनगटाची हाडं वेडीवाकडी.

व्हिटॅमिन ए-ची गोष्ट तर आपल्याच देशातली. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती-हेजमाडी यांनी बेडूकमाशांच्या शेपट्या कापून त्यांना व्हिटॅमिन ए-च्या द्रावणात ठेवलं. शेपटीच्या जागी पाय फुटले! १९९२ साली हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. मी वर्गात दरवर्षी सांगायचो, पोरं वही मिटून ऐकायची. त्याआधी १९८२ मध्ये माल्कम मेडन या संशोधकांना ॲक्सोलॉटलमध्ये दिसलं होतं की, मनगटाशी कापलेल्या पायाला भरपूर व्हिटॅमिन ए मिळालं तर तिथून दंडासकट अख्खा पाय उगवतो.

कारण असं: व्हिटॅमिन ए-पासून शरीरात रेटिनॉइक ॲसिड बनतं. खांद्याकडे ते जास्त, पंजाकडे कमी, कारण पंजाकडे त्याला मोडून टाकणारं एन्झाइम जास्त. तुटल्या जागेच्या पेशी त्यावरून ओळखतात, कुठून पुढे बांधायचं. तुम्ही वरून ओतलंत तर बाळूच्या कोपराला नवा खांदाही फुटू शकतो.

गांडूळवाली
मास्तरांचं ऐका. आधी बाळूला वेगळ्या टाकीत हलवा. पाणी १६ ते १८ अंश, आणि गांडुळं द्या. उपाशी पिल्लाचा पाय रेंगाळतो, सगळं बांधकाम खाण्यातूनच होतं ना.

ड्रेस्डेनकर
आज बावीस दिवस. टोकाला आधी फोडासारखा पांढुरका उंचवटा आला, आता तो चमच्यासारखा चपटा झालाय आणि कडेला दोन खाचा दिसतात. लेक म्हणते, "आई, बोटं!"